वंदाताई, दुसरी काच राहून गेली

मंगळवारी सकाळी तू चहा ठेवलास, गॅस बंद केलास आणि ओट्यापाशी खाली बसलीस. मी हाक मारली. तू ओ दिली नाहीस. डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं. संध्याकाळी आम्ही तुला बेल्याला, पैनगंगेच्या घाटावर नेलं.

तेव्हापासून घरात माणसं येतात आणि तुझ्याविषयी बोलतात. तू किती मुलांना भौतिकशास्त्र शिकवलंस, किती कडक होतीस, परीक्षेच्या हॉलमध्ये तू आलीस की पंख्याचा आवाज कसा ऐकू येई. मी ऐकते, पाणी देते. सगळं खरं आहे, पण त्यात तू सापडत नाहीस. तू मागच्या खोलीत आहेस, असं मी लिहिणार होते. तू ते वाक्य खोडायला लावलं असतंस. मागच्या खोलीत टेबल आहे. टेबलाशेजारी पोत्यावर आपल्या मामेभावाच्या, दिगूच्या कापसाच्या जिनिंगमधल्या पंख्याचं चाक आहे. ते बसवायचं की भंगारात द्यायचं, एवढं सांगून तू जायला हवं होतंस.

टेबल म्हणायची सवय तुझी. पाहणाऱ्याला ती वाळूची पेटी दिसते. ट्रॅक्टरच्या चाकातल्या रबरी ट्यूबा अर्धवट फुगवून त्यांच्यावर फरशी, फरशीवर लाकडी पेटी, पेटीत वाळू, आणि वाळूत खोचलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या टोकांना आरसे आणि भिंगं. एका कडेला कॉलेजनं मोडीत काढलेला लेसर, जो तू घरी आणून दुरुस्त केलास. रिटायर झाल्यावर बायका तुळशीच्या कुंड्या वाढवतात. तू ट्यूबांचे पंक्चर काढून घ्यायला दुकानात जायचीस. पंक्चरवाला विचारायचा, "मॅडम, ट्रॅक्टर कुठं आहे?" तू म्हणायचीस, "घरात."

हे वाचणाऱ्यांत तुझे विद्यार्थी नसलेलेही असतील, म्हणून तू सांगायचीस तसं सांगते. लेसरच्या किरणाचे दोन भाग करायचे. एक भाग सरळ फोटोच्या काचेवर सोडायचा. दुसरा वस्तूवर पाडायचा आणि तिच्यावरून उलटून आलेला उजेड त्याच काचेवर घ्यायचा. दोन उजेड काचेवर भेटतात आणि त्यांच्या भेटीच्या रेषा उमटतात, केसाहून कितीतरी पट बारीक. काच धुऊन, सुकवून पुन्हा लेसरसमोर धरली की काचेमागे वस्तू दिसते, अख्खी, जाडी-खोलीसकट. डोकं हलवलं तर तिची बाजूही दिसते. वस्तू काच घेताना थरथरत असेल, तर तिच्या अंगावर पट्टे येतात. जिथं ती हलली नाही तिथं उजेड, जिथं हलली तिथं काळे पट्टे. पट्टे मोजायचे आणि लोखंड कुठे किती थरथरतं ते सांगायचं. डोळ्याला न दिसणारं, हाताला न लागणारं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते स्टीलचं ताट. खालून जुन्या रेडिओच्या स्पीकरनं त्याला गुणगुणायला लावलं होतंस. काचेत ताटावर कापलेल्या बुंध्यासारखी वलयं होती. मी म्हणाले, "ताई, हे तर ताटाच्या मनातलं झालं." तू चष्म्यावरून पाहिलंस.

"ताटाले मन नसते, शालू. ताटाले कडा असते. कडा धरली म्हणून असे पट्टे आले."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि संपलं नाही. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं. माझ्या तोंडात उपमा येणारच. मी म्हणायची, काचेला आठवतं. तू म्हणायचीस, काचेला आठवत नाही, काचेवर रेषा आहेत. मी म्हणायची, मग आपल्या आठवणी तरी दुसरं काय असतात? तू म्हणायचीस, ते मला माहीत नाही, तो माझा विषय नाही. आणि तांदूळ निवडायला घ्यायचीस.

सरकीचं मात्र लिहिलंच पाहिजे, तू कितीही लाजलीस तरी. पहिल्या खेपेला पेटीत वाळू नव्हती. पावसाळ्याचे दिवस, कोरडी वाळू मिळेना. दिगूच्या जिनिंगमध्ये सरकीचे ढीग. हलकी आहे, हवी तेवढी आहे, दणका खाऊन टाकते, असा तू हिशेब केलास आणि पेटी सरकीनं भरलीस. मग काच काढली की धूसर. आणखी एक काढली, ती कोरीच. कधी तू लेसरला दोष दिलास, कधी रसायनाला, कधी मला. "तू श्वास घेतला." मी म्हटलं, श्वास घेतेच मी, जन्मल्यापासून. असा सगळा पावसाळा गेला. मग एका सकाळी आरशाच्या नळीजवळ दोन हिरवी पानं दिसली. पेटीत कापसाची पऱ्हाटी उगवली होती. सरकी हवेतला ओलावा पीत होती, फुगत होती, आतून ऊब धरत होती, आणि तिच्यासोबत तुझे आरसे रोज इवले इवले सरकत होते. कापसाच्या मुलखातल्या बाईशिवाय ही चूक कोणी केली नसती. तू खुर्चीवर बसून इतकी हसलीस की शेजारच्या पद्माअक्का भिंतीवरून डोकावल्या. सरकी त्यांच्या म्हशीनं खाल्ली. पैनगंगेची वाळू आली, आपण दोघींनी ती चाळली, धुतली, उन्हात टाकली आणि शेवटी कढईत भाजली. मुरमुरे भाजतात तशी. कढई अजून घासून निघालेली नाही.

रस्त्यावरून कापसाचे ट्रक जात, आजूबाजूच्या जिनिंगची यंत्रं चालत, आणि आपली फरशी ते सगळं ऐकत असे. म्हणून तू लाईन बंदची वाट पाहायचीस. महिन्यातून कधीतरी वीजखात्याचा निरोप यायचा की दुरुस्तीसाठी दुपारभर करंट नाही. गल्ली वैतागायची. तू मात्र डोक्याला तेल लावून, लवकर जेवून तयार. लेसर बॅटरीवर, स्पीकरही. सगळी यंत्रं गप्प. दुपारच्या उन्हात दारं-खिडक्या लावून, फटींवर गोधड्या टांगून आपण दोघी त्या अंधारात बसायचो. फ्रिजमधून, कोथिंबिरीच्या खालून, काळ्या कागदातली काच यायची.

माझं काम पुठ्ठ्याचं. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा किरणाच्या वाटेत उभा. तो उचलायचा आणि तू सांगितलंस की ठेवायचा. आधी बराच वेळ नुसतं बसायचं, आपल्या उठबशीनं हललेली हवा शांत होईपर्यंत. मग तू बोट वर करायचीस. मी पुठ्ठा उचलायची. त्यानंतर कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मोजणी तुझ्या मनात. मग तू म्हणायचीस, "झालं." मी पुठ्ठा ठेवायची. तेवढा एकच शब्द. इतकी वर्षं एका घरात राहून, ताई, आपण सगळ्यात जवळ असायचो ते त्या न बोलण्यात. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, ते काम होतं.

एकदा मी म्हटलं, माणसाची काढ ना अशी काच. तुझीच काढू या. तू मान हलवलीस.

"जिवंत माणूस या टेबलावर येत नाही. कितीही गुमान बसला तरी हलते. रक्त हलते, कातडी हलते. त्याच्या जागी काळा डाग येते."

"म्हणजे खुर्ची दिसेल आणि माणूस नाही?"

"खुर्ची साफ दिसंल."

म्हणून तुझी काच नाही. फोटो आहेत, त्यांत तू कपाळाला आठ्या घालून उभी आहेस. यावर मला एक विचार येतो, तो मी पुढे लिहीत नाही.

आता चाकाविषयी.

गेल्या हंगामात दिगूच्या जिनिंगमध्ये पंख्याचं एक पातं सुटलं. त्याला सुटलेली गोष्ट लगेच बसवायची घाई. ज्या पंख्यानं रुई नळातून ओढली जाते, त्याचं पातं पत्रा फाडून बाहेर आलं आणि समोरच्या भिंतीत रुतलं. त्या पंख्याखाली तलमडुगूकडच्या शेवंताबाई बसतात, यंत्रात कापूस ढकलायला. त्या तेवढ्यात पाणी प्यायला उठल्या होत्या. दिगूनं चाक उतरवलं, वर्कशॉपमधून नवं पातं जोडून आणलं आणि हंगाम येईतो ठेवून दिलं. यंदा बसवण्याआधी तू म्हणालीस, चाक मला दे. मोठ्या परातीएवढं ते चाक दिगू स्वतः मोटारसायकलवर बांधून घेऊन आला. "ताई, वर्कशॉपवाल्यानं ठोकून पाह्यलं. घंटीसारखं वाजते."

"फुटकी घंटीबी वाजते, दिगू."

लाईन बंदच्या दुपारी तू चाक वाळूत घट्ट रोवलंस, त्याला स्पीकरनं गुणगुणायला लावलंस, आणि आपण काच घेतली. सुकल्यावर पाहिली. बाकीच्या पात्यांवर पट्टे बुंध्यापासून टोकापर्यंत वळत गेले होते, साडीच्या निऱ्यांसारखे. जोडलेल्या पात्यावर, जोडाजवळ, एक पट्टा मधेच मोडला होता. तू लेसर बंद केलास, पुन्हा चालू केलास, पुन्हा पाहिलंस.

तू शेवंताबाईंना बोलावून घेतलंस, त्या बाजारच्या दिवशी येऊन गेल्या. चाक खाली पोत्यावर होतं आणि काचेमागे वाळूतही होतं. त्यांनी आधी खाली पाहिलं, मग काचेत.

"माय वं! हे इथंबी हाय अन् तिथंबी हाय. हात घालू का आत?"

"घाला. करंट नाही आत."

त्यांनी काचेमागे हात घातला, रिकाम्या हवेत बोटं फिरवली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग विचारलं, "मंग फुटलं हाय का नाही?"

"अजून माहीत नाही," तू म्हणालीस. "तुमी तोवर दुसरीकडं बसा."

"तिथंच हवा लागते, बाई."

दिगूलाही तू तेच सांगितलंस, माहीत नाही. जोडकामाचा जाड थर असला तरी पट्टा मोडू शकतो आणि तडा असला तरी. दुसऱ्या सुरावर गुणगुणायला लावून आणखी एक काच घ्यायची. थर असेल तर पट्टा सुधारेल, तडा असेल तर तिथंच मोडेल. पुढच्या लाईन बंदपर्यंत थांब. दिगू कपाळाला हात लावून बसला. नव्या चाकाला नागपूरला सांगितलं तर हंगाम सुरू होऊन जाईल, सगळ्या जिनिंगवाल्यांना आत्ताच चाकं हवी असतात. "हंगाम काय तुह्या काचेसाठी थांबते का, ताई?"

तो गेल्यावर आपण भांडलो. मी म्हटलं, सांगून टाक तडा आहे. काय बिघडेल? चाक बदलेल, बाई वाचेल. तू भाजी चिरत होतीस.

"अन् नसला तर?"

"नसला तर नसला. कोणाचं नुकसान झालं?"

"मले माहीत नाही ते मी सांगनार नाही."

"माणसाचा जीव आणि तुझा नियम, एका पारड्यात घालतेस?"

"शालू, आज मी न पाहता हो म्हणलं, तर पुढच्या वर्षी पाहून म्हणलेलं दिगू काऊन मानंल?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तू विळी आडवी केलीस आणि म्हणालीस, बोलू नंतर. नंतर बोललो नाही. रविवारी तुझं डोकं दुखत होतं. सोमवारी पाहुणे होते. मंगळवारी तू गेलीस.

तेरवीला पंगत उठल्यावर दिगू मागच्या खोलीत आला. ओला टॉवेल खांद्यावर, डोळे लाल. तुझ्यावर त्याचा जीव होता. लहानपणी तू त्याला गणित शिकवताना कान पिरगाळायचीस ते सांगून तो सकाळपासून रडत होता. चाकाकडे पाहत म्हणाला, "वाईट नको मानू, शालूताई. पण वंदाताई शेवटी काही बोलली होती का? तडा हाय म्हणे का नाही?"

ताई, एवढं सोपं होतं. 'हो, म्हणाली' एवढंच म्हणायचं. तुझा शब्द त्यानं मोडला नसता. गेलेल्या माणसाशी कोण वाद घालतं? चाक भंगारात गेलं असतं, शेवंताबाई आपल्या हवेच्या जागी निर्धास्त बसल्या असत्या, आणि खोटं आहे हे माझ्याशिवाय कोणाला कळलं नसतं. मी तुझ्याशी याच बाजूनं भांडले होते. माझं मत अजूनही बदललेलं नाही. पण ते वाक्य तुझ्या तोंडी घालायचं होतं, आणि तू ते म्हणायला नकार दिला होतास.

"नाही," मी म्हटलं. "तिला माहीत नव्हतं. दुसरी काच राहिली."

"मंग मी बसवून टाकतो. लोक आतापासून कापूस आणतो म्हणून फोन करून राह्यले."

"थांब. पुढची लाईन बंद होईल तेव्हा मी काढते काच."

"तू? तू त मराठीची मास्तरीन."

"पुठ्ठा मीच उचलत होते, दिगू."

तो थांबला मात्र.

फ्रिजमध्ये कोथिंबिरीखाली एकच काच उरली होती. या काचा आता सहज मिळत नाहीत. तू वर्ष वर्ष वाट पाहून मागवायचीस. दुसरा सूर तू स्पीकरच्या बटणावर खडूनं खूण करून ठेवलाच होतास. लाईन बंदचा निरोप आला. मी लवकर जेवले. गोधड्या टांगल्या, बॅटरी जोडली, चाक रोवलं. आरशांना हात लावला नाही, ते तू ठेवले तसेच होते. अंधारात काच बसवली. तुझ्या खुर्चीवर बसावं की माझ्या, एवढ्यासाठी थोडा वेळ उभी राहिले आणि माझ्या खुर्चीवर बसले. हवा शांत व्हायची वाट पाहिली. बाहेर काही चालत नव्हतं. चाक बारीक गुणगुणत होतं.

मोजायचं मीच, हे ठरवून बसले होते. आकडा तुझ्याकडून कितीदा तरी ऐकला होता. पुठ्ठा उचलला. आणि मी मोजलं नाही, ताई. मी हलले नाही, बोलले नाही, श्वास रोखून बसले, जशी नेहमी बसायचे, आणि तू 'झालं' म्हणायची वाट पाहत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. गल्लीत कोणाचं तरी मूल रडलं तेव्हा ध्यानात आलं की कोणी म्हणणार नाही. मग मीच म्हटलं. त्या खोलीत माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला. पुठ्ठा ठेवला.

काच रसायनात घातली तशी काळी पडत गेली आणि काळीच राहिली. तव्यासारखी. तू असतीस तर त्यातूनही काही काढलं असतंस का, कोण जाणे. मी धुऊन, सुकवून, लेसरसमोर धरून पाहिली. मागे काही नव्हतं.

तेरवीला रडले नव्हते. तेव्हा रडले, लेसर बंद करून.

दिगू दुसऱ्या दिवशी आला. मी काच त्याच्या हातात दिली.

"हे काय? नुसती काळी?"

"जास्त वेळ उघडी राहिली. माझ्याकडून."

"मंग अजून एक काढ."

"संपल्या."

त्यानं काच उलटी करून पाहिली, खिडकीकडे धरली, आणि पोत्यावर, चाकाशेजारी बसला.

"म्हंजे वंदाताई म्हणे माहीत नाही, अन् तू बी तेच म्हणून राह्यली."

"हो."

"अवं, एखादी खोटं तरी बोला! तडा हाय म्हण, मी भांडतो. नाही म्हण, मी बसवून मोकळा होतो. हे माहीत नाही घेऊन मी शेवंताबाईले कुठं बसवू?"

मी चहा ठेवला. त्यानं घेतला नाही. चाकावरून हात फिरवला, जोडावर नखानं खरवडून पाहिलं, जसं नखाला काही लागणार होतं. मग उठला, अंगणात गेला आणि फोनवर कोणाशी तरी मोठ्यानं बोलू लागला. नागपूर हा शब्द मी ऐकला. जाताना म्हणाला, "हे इथंच राहू दे. माह्या डोळ्यासमोर नको." दारातून पुन्हा वळला. "दोघी बहिणी सारख्याच. एकीवर दुसरी गेली." हे त्यानं रागानंच म्हटलं, आणि मला इतक्या दिवसांत कोणी त्याहून बरं काही म्हटलेलं नाही.

त्याचं जिनिंग यंदा उशिरा सुरू झालं. बाकीच्यांच्या धुराड्यांतून रुईचा कचरा उडत होता तेव्हा त्याच्या फाटकाबाहेर गाड्या येऊन परत जात होत्या, हे त्यानं मला बरेचदा ऐकवलं. परवा मी जाऊन आले. शेवंताबाई त्याच जागी बसल्या होत्या. मला पाहून यंत्राच्या आवाजावरून ओरडल्या की नव्या पंख्याची हवा पहिल्यासारखी लागत नाही, मॅडमले सांगा. मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी जीभ चावली. मी म्हटलं, सांगते.

सांगितलं.

नवं चाक जिनिंगमध्ये फिरतं आहे. जुनं मागच्या खोलीत पोत्यावर आहे. पहिली काच मी कागदात गुंडाळून ठेवली आहे, दुसरी काळी आहे, आणि फ्रिजमध्ये आता फक्त कोथिंबीर असते. जुन्या चाकात तडा होता की नाही, हे कोणालाही कळलेलं नाही.